खिंडार पडेल तिथे वार्देन

ख्वार्दी, ओनीच्या वर
१४ एप्रिल १९७९

एल्गुजा,

नावाआधी काही लिहिलेलं नाही, ते विसरून राहिलेलं नाही. मेलेल्या माणसाकडून मायन्याची अपेक्षा करू नकोस.

हो, मी वार्देन. गेल्या महिन्यात क्लबच्या जेवणात ज्याच्या नावाने, गेलेल्यांसाठी शिंपडतात तशी, तू पावावर वाइन शिंपडलीस, तोच.

काल आमचा हिवाळाभर बंद असलेला रस्ता उघडला आणि पहिला ट्रक घेऊन जुमबेर वर आला. तुला तो आठवत नसेल, पण त्याला तू आठवतोस. आयुष्यभर आपल्या गोलच्या मागे उभा राहून ओरडला आहे. मी ज्या शाळेत पोरांना कवायत शिकवतो तिच्या फाटकाशी त्याचं चाक चिखलात रुतलं, म्हणून मी फळी घेऊन गेलो. त्याने मला पाहिलं आणि हातातला जॅक स्वतःच्याच पायावर पाडला.

"वार्देन काका, तुम्ही तर गेलात."

"कुठे गेलो?"

"वर."

"वरच राहतो मी. फळी धर."

चाक निघेपर्यंत त्याने सगळं सांगितलं. स्टेशनमागच्या हॉलमध्ये क्लबच्या चाळीस वर्षांचं जेवण होतं. वाइनचे बुधले यानेच पोचवले होते, म्हणून तोही मागे उभा होता. तमादा तू. टेबलाच्या डोक्याशी उभं राहून एकेकाच्या नावाने बोलून प्याले तूच द्यायचे, दुसरं कोण असणार. जिवंतांचे प्याले झाले, मग सगळे उठून उभे राहिले आणि गेलेल्यांचा प्याला आला. तू एकेक नाव घेत गेलास. आपला म्हातारा कोच. गोलकीपर ओमारी, बिचारा. आणि मग मी.

"कोणी काही म्हणालं नाही?" मी विचारलं.

"तमादा बोलत असताना मध्ये कोण बोलणार, काका? आणि एल्गुजासाहेब रडत होते. रडणाऱ्या माणसाला कोण विचारतं, कधी गेला म्हणून."

माझी बायको नाझी हे ऐकून पोट धरून हसली. "मेलेल्या माणसा, सरपण संपलंय," म्हणाली. ती हसू शकते. तिने माझा एकही सामना पाहिलेला नाही.

मेला म्हणालास याचा मला राग नाही. ज्याच्या मरणाची खोटी बातमी येते त्याचं आयुष्य वाढतं असं इथले लोक मानतात. वाढू दे. राग आहे तो तू पुढे जे बोललास त्याचा. जुमबेरला ते पाठ होतं, त्याने दोनदा म्हणून दाखवलं.

"आमची प्रत्येकाची एकेक जागा होती," तू म्हणालास. "वार्देनला स्वतःची जागा नव्हती. आमच्यातला जो चुकेल त्याची जागा ती वार्देनची. आम्ही चुकलो हे लोकांना कळायच्या आत तो तिथे पोचलेला असायचा. आम्ही मोठे ठरलो ते त्याच्यामुळे."

म्हणजे तुला माहीत होतं.

माझ्या शेजारी इतकी वर्षं खेळलास तेव्हाही माहीत होतं. सामना संपला की पेपरवाले तुला घेरायचे आणि मी मागे बाकावर बुटांच्या नाड्या सोडत बसलेला असायचो, तेव्हाही. तोंडातून एक शब्द काढला नाहीस. ते ऐकायला मला मरावं लागलं, आणि मेलो तरी ऐकायला मिळालं नाही, कारण आमंत्रण नव्हतं.

तो फळा आठवतो? म्हातारा खडूने दहा नावं लिहायचा. मग दोन पावलं मागे सरायचा, डोळे बारीक करायचा आणि विचारायचा, "आज खिंडार कुठे आहे?" जिथे असेल तिथे माझं नाव. राइट बॅक लंगडतोय, वार्देन. डावीकडचा बहिणीच्या लग्नाला गेलाय, वार्देन. स्टॉपरला रेफ्रीने मागच्या सामन्यात बाहेर काढलं, वार्देन. मधल्या फळीतल्यांना धाप लागतेय, वार्देनला पुढे ढकला. सामन्याच्या सकाळी तुझी आई माझ्या शर्टाला इस्त्री करताना विचारायची, "आज कुठे रे?" मी म्हणायचो, "फळ्यावर कळेल, मावशी."

आणि जागा बदलणं म्हणजे खुर्ची बदलणं नव्हे, हे तुझ्यासारख्या जन्मभर एकाच जागेवर उभ्या राहिलेल्याला काय कळणार. उजवीकडे असताना समोरच्याला रेषेकडे ढकलत न्यायचं. डावीकडे गेलं की तेच सगळं अंग उलटं चालवायचं, कोट उलटा घातल्यासारखं. स्टॉपरने माणूस धरायचा. शेवटच्या माणसाने माणूस सोडायचा आणि मैदान धरायचं. शनिवारी एक डोकं, बुधवारी दुसरं. मी चेंडूकडे कधी बघितलं नाही. चेंडू खोटं बोलतो, पाय तर सरावलेले खोटारडे. कंबर खोटं बोलत नाही. समोरच्याची कंबर वळली की तो कुठे जाणार हे ठरलं, आणि मी त्याच्या आधी तिथे. म्हणून मला घसरून चेंडू काढायची वेळ फारशी आली नाही. माझा शर्ट कोरडा राहायचा. तू चिखलात लोळून उठायचास, टाळ्या तुला. लोक घरी जाताना म्हणायचे, वार्देनने आज काही केलंच नाही.

आणि मग एकोणसत्तरचा शेवटचा सामना. तू कोच झाला होतास. मी तुझ्याकडे आयुष्यात एकदाच काही मागितलं. म्हटलं, हा माझा शेवटचा, आज मला शेवटचा माणूस म्हणून खेळव. माझ्या गुडघ्यांना आता तेवढंच झेपतं, आणि खरं सांगायचं तर मला आवडलेली जागा तेवढी एकच. तू मान डोलावलीस. मग फळ्यापाशी गेलास, दहा नावं लिहिलीस, मागे सरलास आणि मला लेफ्ट बॅकला टाकलंस. समोर लीगमधला सगळ्यात वेगवान पोरगा. त्याची कंबर मला दिसत होती, एल्गुजा. तो कुठे जाणार ते मला दरवेळी कळत होतं. फक्त पाय पोचत नव्हते. दोन्ही गोल माझ्या बाजूने झाले. दुसऱ्या दिवशी पेपरात तुझं वाक्य होतं, "वार्देनचं आता वय झालं." संपलं. पंधरा वर्षांवर एवढी एक ओळ.

तुझ्या निरोपाच्या सामन्यात तुला खांद्यावर घेऊन मैदानाभोवती फिरवलं होतं. तुझी डावी मांडी माझ्या खांद्यावर होती आणि तू हलका नव्हतास. मला कोणी उचललं नाही. मी पिशवी घेतली आणि मागच्या दाराने बसस्टँडवर गेलो.

हे सगळं मी गिळलं होतं. दहा वर्षं तुझं नाव काढलं नाही, सुखाने पोरांना उड्या मारायला शिकवत होतो. तू मला उकरून काढलंस.

यातलं काही तुझ्या आईला, मेलानिया मावशीला, सांगू नकोस. तू मला मेलेल्यांत घातलंस हे तिला कळलं तर पळी घेऊन तुझ्या मागे लागेल, आणि या वयात तिने धावू नये. शरदात तिने पाठवलेल्या अक्रोडाच्या माळा आम्ही अजून पुरवून खातोय. तिच्यासाठी डुकराची तंगडी धुरावर टांगून ठेवली आहे, जुमबेरच्या पुढच्या खेपेला पाठवतो. तू त्यातली खाऊ नकोस.

वार्देन

ख्वार्दी
२१ एप्रिल १९७९

एल्गुजा,

आठवडा झाला, उत्तर नाही. मेलेल्यांना उत्तर पाठवत नाहीत असं तुझं म्हणणं असेल तर तसं तरी कळव.

मागच्या पत्रात ओदेसाच्या सामन्याचं राहिलं. ओमारीचा खांदा निखळला, बदली खेळाडू संपले होते, आणि तू कॅप्टन म्हणून आपल्या उरलेल्या सगळ्यांकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंस म्हणायला हवं, बाकीचे बुटांकडे बघत होते. मी ओमारीची ओली जर्सी चढवली आणि गोलमध्ये उभा राहिलो. पहिल्याच कॉर्नरला त्यांच्या कोणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यावर बसलं. राहिलेला सामना मी एका डोळ्याने खेळलो. गोल झाला नाही. गाडीत परतताना तुम्ही सगळे गात होतात आणि तू मला म्हणालास, "काय रे, आता रेफ्री व्हायचं तेवढं राहिलंय तुझं." सगळे हसले, मीही हसलो. माझा डोळा अंड्याएवढा झाला होता.

कुताइसीला पोचलो त्या रात्री तुझ्या आईने तुला जेवायला वाढलं आणि माझ्या डोळ्यावर थंड दही बांधलं. "याला कुठे उभं केलं होतंत?" तिने तुला विचारलं. तू म्हणालास, "गोलमध्ये." ती म्हणाली, "लाज नाही वाटत? उद्या याला तिकिटं फाडायला उभं कराल."

फुटबॉल तिला तुझ्यापेक्षा जास्त कळत होता. सतराव्या वर्षी मी डोंगरावरून तुमच्या घरी राहायला आलो, तेव्हा पहिल्या दिवशी कुठे बसावं ते मला कळेना. तुझ्या वडिलांची खुर्ची, तुझी खुर्ची, पाहुण्यांचा बाक. मी दाराला टेकून उभाच. तिने चूल आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात एक स्टूल ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही वार्देनची जागा. इथे दुसरं कोणी बसायचं नाही." तुझा काका एकदा बसला होता, त्याला घास हातात असताना उठवलं होतं तिने. सबंध आयुष्यात मला कोणी जागा दिली असेल तर ती तेवढीच.

आता मुद्द्याचं. मला तो प्याला हवा आहे. मी जिवंत असताना, त्याच माणसांसमोर, तू उभा राहून, माझ्या तोंडावर. तेच शब्द. रडलास तरी चालेल. तू लोकांना सांगायचं की माझी चूक झाली, वार्देन जिवंत आहे, आणि मी जे बोललो ते तो जिवंत असतानाही खरंच होतं. एवढं तुझ्याने होणार नसेल तर मला खरंच मेलेला समज, मीही तुला समजेन. मग या डोंगरावर तुझं पत्र आलं तरी ते मी चुलीत घालीन.

आणि कशावरून तुला वाटलं मी मेलो? कोणी सांगितलं? मला हे कळलंच पाहिजे.

वार्देन

कुताइसी
२७ एप्रिल १९७९

वार्देन,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. पहिलं मी तुझ्या स्टुलावर बसून वाचलं. हल्ली मी तिथेच बसतो. अर्धं वाचेपर्यंत मलाही तुझा राग येत होता, तुला कळावं म्हणून सांगतो. मग शेवटी आलो, मावशीला सांगू नकोस म्हणतोस तिथे. तेव्हा कळलं की तुला माहीतच नाही.

आई जानेवारीत गेली. छातीत कफ झाला आणि आठवडाभरात आटोपलं.

त्याच दिवशी तुला तार केली. चार दिवस तिला घरात ठेवलं. माझं ज्यांच्याशी वाकडं आहे ते सगळे आले. कुंपणावरून ज्याने मला कोर्टात खेचलं तो शेजारीसुद्धा टोपी काढून दारात उभा राहिला, आणि मी त्याला आत घेतलं. कोणाच्या आईच्या मयताला वैरीही घरी थांबत नाही, हे मी तुला सांगावं असं नाही. तू आला नाहीस.

पेटी उचलायची वेळ झाली. पुढे मी आणि माझा मेहुणा, मागे उजवीकडे आपल्यातला एक. डावीकडचा मागचा कोपरा मी रिकामा ठेवला होता. लोक म्हणायला लागले, चला, बर्फ सुरू झालंय, दफनभूमीचा चढ निसरडा होईल. मी म्हटलं, थांबा, वार्देन येतोय. कोणी म्हणालं, डोंगरात रस्ते बंद असतील. मी त्याच्यावर खेकसलो. म्हटलं, तुम्ही त्याला ओळखत नाही, ओदेसात तो एका डोळ्याने गोलमध्ये उभा होता. खिंडार पडलं की तो पोचतोच. बराच वेळ असे उघड्यावर उभे होतो. शेवटी समोरच्या बेकरीवाल्याच्या जावयाने तिथे खांदा दिला.

मग मी काय समजायचं होतं, सांग. तू धडधाकट जिवंत आहेस आणि माझ्या आईला उचलायला आला नाहीस? हे मला मानवलं नाही. त्यापेक्षा तू मेलास हे मानणं सोपं गेलं. मला कोणीच काही सांगितलं नाही, वार्देन. मी चौकशीसुद्धा केली नाही. जिवंत आहे असं उत्तर आलं असतं तर मी काय केलं असतं?

लेफ्ट बॅकचं म्हणशील, तर त्या दिवशी तिकडे उभा करायला ज्याच्यावर भरवसा ठेवावा असा दुसरा माणूस माझ्याकडे नव्हता. दोन गोल झाले. तिसरा तू रेषेवरून डोक्याने काढलास, तो तू पत्रात लिहिला नाहीस. मला आठवतो.

प्याला हवा ना? ये आणि घे. मी पोस्टाने पाठवणार नाही.

एल्गुजा

ख्वार्दी
३ मे १९७९

एल्गुजा,

तुझं पत्र नाझीने वाचून दाखवलं, कारण मी शाळेत होतो आणि तिला धीर नव्हता. फाटकाशी येऊन तिने मला ते मधूनच वाचून दाखवलं. पोरं रांगेत उभी होती. मी त्यांना घरी जा म्हटलं.

मग ओनीला चालत गेलो आणि पोस्टातल्या माणसाची गचांडी धरली. तार त्याच्याकडे होती. जानेवारीत बर्फाचा कडा खाली आला आणि आमचा रस्ता तारेच्या खांबांसकट नदीत गेला, तेव्हापासून त्याच्याकडे होती. "रस्ता उघडल्यावर का दिली नाहीस?" मी ओरडलो. तो म्हणाला, "इतक्या उशिरा मयताची तार कशी हातात ठेवू, वार्देन? माझा जीव झाला नाही. म्हटलं, तुला कळलंच असेल." मी त्याला सोडलं. त्याला मारून काय होणार होतं. परत येताना वाटेवर बसलो आणि जे काही तोंडात येईल ते बर्फाला बोललो. बर्फ बरंचसं वितळून गेलंय, जे शिल्लक होतं त्याने ऐकून घेतलं.

आता तुझी पाळी. तू थांबलास. रस्ते बंद आहेत हे लोक तुला सांगत होते, आणि तू त्या बाईला बर्फात ताटकळत ठेवून माझी वाट बघत उभा राहिलास. असा कसा रे तू मूर्ख? माझ्या गुडघ्यांना एक विंगर गाठता आला नव्हता, ते आख्खा डोंगर कसा गाठणार होते? इतकी वर्षं मला नको तिथे उभं केलंस. जिथे उभं राहायला मी गुडघे टेकत, सरपटत आलो असतो, त्या एका कोपऱ्यावरची तुझी हाक मला पोचली नाही. त्या दिवशी तू मला डावीकडे टाकलं असतंस तर मी एक अक्षर बोललो नसतो. गुडघे गेले चुलीत.

आणि बेकरीवाल्याचा जावई? तो बुटका आहे, एल्गुजा. मी त्याला पाहिलेलं आहे, माझ्या काखेत येतो. पुढे तू एवढा ताडमाड आणि मागे डावीकडे तो. तिरपं नेलंत तुम्ही तिला. तेवढा सगळा चढ ती डावीकडे कलंडत गेली असणार, आणि तुमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नसणार, कारण तुम्ही सगळे आपापल्या जागेवर होतात. मी हे मनातून काढू शकत नाही. पत्र वाचल्यापासून मी दुसरं काही बघतच नाहीये.

तंगडी अजून धुरावर टांगलेली आहे. नाझी म्हणते खाली काढू या. मी काढू देत नाही.

तू मला मेलेला का समजलास ते कळलं. राग गेला असं समजू नकोस, त्याने फक्त जागा बदलली आहे, आणि जागा बदलायची मला सवय आहे. पेपरातल्या त्या ओळीचा हिशोब राहिलाच आहे. तो तिसरा गोल मी विसरलो होतो. तुला आठवतो हे तू दहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं?

शनिवारी जुमबेरच्या ट्रकने उतरतोय. तंगडी घेऊन येतोय. कोणासाठी ते विचारू नकोस, घरात राजम्याचा लोबियो शिजवून ठेव, ती त्याच्याबरोबर खायची. आधी तिच्याकडे जायचं, तू आणि मी, तोच चढ चालत. मला तिथे डाव्या बाजूला उभं राहायचं आहे. मग घरी. हॉल नको, माणसं नकोत, स्वयंपाकघर पुरे. तमादा तू, पण तिचा प्याला मी बोलणार, आणि मी बोलत असताना तू मध्ये तोंड घालायचं नाहीस. माझा प्याला त्यानंतर. तो मी सोडलेला नाही. तोंडावर बोल, बघू जमतं का. शब्द चुकलास तर मी दुरुस्त करीन, मला आता पाठ आहेत.

शनिवारी मी दारात येईन तेव्हा तू चूल आणि खिडकीच्या मधे त्या स्टुलावर बसलेला असशील. ती माझी जागा आहे, एल्गुजा. ऊठ.

वार्देन